सतरा नंबरचा सेट

“अविनाश, जेवला का? ओव्हर.”

एवढंच वाक्य होतं. मार्चातली दुपार, सव्वा वाजलेला. जांभूळपाटीच्या वणवा नियंत्रण केंद्रात हर्षल धांडे टेबलाशी बसून डबा उघडत होता आणि त्याच्या खांद्याला अडकवलेल्या वॉकीटॉकीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. बोलणं त्याच्याशी नव्हतं. कल्याणी अकरा किलोमीटरवरच्या तेलखडकाच्या मनोऱ्यावर पहाऱ्याला होती आणि विचारत होती ती खालच्या कुंभी दरीत जाळरेषा काढणाऱ्या टोळीच्या मुकादमाला, अविनाश कासदेकरला. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतात, ती जाळरेषा. टोळीचं जेवण त्या दिवशी उशिरा पोचलं होतं. तेव्हा प्रश्नात काही वावगं नव्हतं.

पण सूर! ‘जेवला’च्या शेवटी आवाज किंचित रेंगाळला, मग ‘का’ हलकेच वर उचलला गेला. बोलणारीच्या ओठांवर हसू असल्याशिवाय असा आवाज निघत नाही. हर्षलला तो सूर चांगला ठाऊक होता. लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यानं तो रोज ऐकला होता. त्यानंतर तो कधी, कसा गेला ते त्याला सांगता आलं नसतं, पण घरात तो आता नव्हता हे नक्की.

पाच मिनिटांनी तोच आवाज एक नंबरच्या चॅनेलवर आला. “केंद्र, तेलखडक. वारा पश्चिमेचा, धूर नाही. ओव्हर.”

कोरडा. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा.

“तेलखडक, केंद्र. तू जेवली का? ओव्हर,” हर्षलनं विचारलं.

“हो. आउट.”

हर्षलनं डब्याचं झाकण परत लावलं.

सातपुड्याच्या त्या घड्यांमध्ये दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं तरी मोबाइल चालत नव्हता. एका दरीतून दुसऱ्या दरीत निरोप जायचा तो वॉकीटॉकीवरूनच. जुन्या सेटांवर मधे डोंगर आला की आवाज फाटायचा, खरखरीत निम्मे शब्द बुडायचे, आणि ‘आग नाही’ मधला ‘नाही’ हरवला की पन्नास माणसं उगाच धावायची. चार वर्षांपूर्वी नवे सेट आले आणि ही कटकट संपली.

त्यातली युक्ती साधी होती. माणसाचा आवाज हवेतून पाठवायचा तर तो फार मोठा ऐवज असतो: चढउतार, श्वास, घोगरेपणा, हसू, सगळं त्यात आलं. नुसते शब्द मात्र चिमूटभर असतात. सिग्नल चांगला असेल तर नवा सेट सगळा आवाज जसाच्या तसा पोचवायचा. सिग्नल क्षीण झाला की तो आवाज सोडून द्यायचा आणि फक्त शब्द पाठवायचा. पलीकडचा सेट ते शब्द घेऊन बोलणाऱ्याच्या आवाजाच्या साच्यात ओतायचा आणि ऐकवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस शेजारी बसून बोलतोय. खरखर नाही, तुटणं नाही. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हर्षलला एवढं शिकवलं होतं. साचा नेमका कुठं असतो आणि तो कशाचा बनतो, हे त्यानं विचारलं नव्हतं. सेट चालतोय ना, मग झालं.

केंद्राशी बोलायचं ते एक नंबरवर. तो आवाज डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरमार्फत यायचा, खणखणीत. पहाऱ्यावरची माणसं आणि टोळ्या आपसात बोलत त्या दोन नंबरवर, सेट टू सेट. ते बोलणं केंद्रापर्यंत दोन डोंगर ओलांडून जेमतेम पोचायचं. हर्षलनं दोन नंबर ऐकायलाच हवा असं नव्हतं. पण गेले चार महिने तो ऐकत होता.

“भेंडेकाका,” पाळी बदलताना त्यानं एकदा विचारलंही, “दोन नंबरवर कल्याणी बोलून राह्यली होती आत्ता. आवाज कसा वाटला तुम्हाले?”

भेंडेकाका निवृत्तीला आलेले ऑपरेटर. त्यांचा सेट त्यांच्या कमरेलाच असायचा. “कसा म्हणजे? गवत किती उंच वाढलं ते सांगत होती ना ती,” ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

हर्षलला वाटलं, म्हातारा भला आहे, आपल्याला लाज वाटू नये म्हणून झाकून नेतोय. म्हणजे सगळ्यांना कळलंय तर.

घरी तो पाळत ठेवल्यासारखा वागू लागला. कल्याणी आठवड्यातून दोन दिवस खाली यायची. ती यायची तेव्हा हा विचारायचा, मंगळवारी चॅनेल सात मिनिटं अडवलं होतं, कोणाशी बोलत होती? ती सांगायची. हा तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारायचा. ती गप्प व्हायची, मग हा म्हणायचा, “माझ्याशीच बोलाले शब्द नाहीत तुझ्यापाशी.” त्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ती खरंच बोलायची नाही.

मार्चच्या मध्यावर अविनाश कासदेकर स्वतः केंद्रावर आला. पंचविशी ओलांडलेला, काटक, धुरानं डोळे कायमचे लालसर झालेला कोरकू तरुण. टोळीत सेट एकच असायचा, तो त्यानं हर्षलसमोर ठेवला.

“धांडेभाऊ, पहिला शब्दच कापला जाते. मी म्हणतो ‘पाणी पाठवा’, तर लोकाइले ‘पाठवा’च ऐकू येते. बॅटरीबी दुपारीच मरते. कल्याणीताई म्हणे, धांडेभाऊकडे ने, ते बरोबर करून देतात.”

‘ताई’ हा शब्द हर्षलला फार सफाईदार वाटला.

त्यानं सेट उघडला. बॅटरीच्या पट्ट्यांवर राख आणि घामाचा काळा थर बसला होता. तो त्यानं खोडरबरानं घासून काढला, अँटिनाचा सैल आटा घट्ट केला, जुनी बॅटरी बदलून नवी घातली. “बटण दाबलं रे दाबलं की बोलतो का तू?”

“हौ.”

“तसं नाही करायचं. बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल. सेटले जागं व्हाले तेवढा वेळ लागते. आणि तोंडापासून वीतभर दूर धर, उभा. चाटून नको बोलू.”

अविनाश हसला. त्यानं तिथंच दोनदा करून पाहिलं, मग पाणी प्यायला बाहेर गेला. टोळीसाठी सामान भरून घ्यायचं होतं म्हणून सेट अर्धा तास टेबलावरच राहिला.

या सेटांमध्ये एक सोय होती. कधी एखाद्याचं बटण गवतात दबून अडकतं आणि त्याचा सेट चॅनेल अडवून बसतो, कधी सेट चोरीला जातो. अशा सेटचा नंबर आपल्या सेटमधल्या ‘वर्ज्य’ यादीत टाकला की त्याचं काहीच ऐकू येत नाही. कल्याणीचा सेट सतरा नंबरचा होता. हर्षलनं अविनाशच्या सेटमधली यादी उघडली आणि सतरा हा आकडा टाकला. एखादी गळती तोटी बंद करावी इतकं ते त्याला त्या क्षणी साधं वाटलं.

पुढचे चार दिवस त्याच्या आयुष्यातले बरे दिवस होते. कल्याणी दोन नंबरवर अविनाशला हाक मारायची. उत्तर नाही. पुन्हा मारायची. मग एक नंबरवर यायची.

“केंद्र, तेलखडक. कुंभीची टोळी मले उत्तर देऊन नाही राह्यली. ओव्हर.”

“दरीत लागत नसन. काय सांगायचं ते मले सांग, मी कळवतो. ओव्हर.”

“तुझं त्याले ऐकू जाते अन् माझं नाही? मी तर त्याच्या डोक्यावर बसली आहे. ओव्हर.”

“केंद्राचा सेट ताकदीचा आहे. सांग तू. ओव्हर.”

आणि ती सांगायची. तिचं प्रत्येक वाक्य आधी त्याच्याकडे येत होतं, मग पुढं जात होतं. हर्षल ते कोरडं करून पुढं पाठवायचा. अविनाशचं उत्तरही तोच द्यायचा. चौथ्या दिवशी तर कल्याणीनं आपणहून विचारलं, “तुझी पाठ कशी आहे?” तो संध्याकाळभर खूश होता.

एकवीस तारखेला दुपारी बाराच्या सुमारास वारा पडला आणि वीसेक मिनिटांनी उलट दिशेनं उठला. पूर्वेच्या उतारावर कुणीतरी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला होता म्हणतात. रिपीटरचा खांब त्याच उताराच्या माथ्यावर होता. हर्षलच्या टेबलावरचा एक नंबरचा हिरवा दिवा मालवला. रिपीटर दुपारच्या उन्हात तापून अधूनमधून बंद पडायचा आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. हर्षलनं वहीत वेळ लिहिली आणि थांबला.

तेवढ्यात दोन नंबरवर कल्याणी आली.

“अविनाश, वर ये. ओव्हर.”

तोच सूर. रेंगाळणारा, उबदार.

“अविनाश, ऐकतो का? वर ये ना. कड्याच्या बाजूनं वर ये. ओव्हर.”

हर्षलनं घड्याळ पाहिलं. बारा बेचाळीस. जेवणाची वेळ. कड्याच्या बाजूची वाट थेट मनोऱ्याच्या पायऱ्यांशी निघते. भर दुपारी, सगळं केंद्र ऐकत असताना, इतक्या लाडानं!

“मी आहे इथं. लवकर वर ये. ओव्हर.”

त्यानं आवाजाचा नॉब खाली फिरवला. शून्यावर नेला नाही. ऐकायचंही होतं आणि ऐकवतही नव्हतं. शब्द लागू नयेत इतक्या पुटपुटत्या आवाजात ती आणखी तीनदा बोलली. हाक खाली पोचत नाहीये हे त्याला माहीत होतं, म्हणून बरं वाटत होतं. मार हाका. मार अजून.

मग ती बोलायची थांबली.

भेंडेकाका धावत आत आले. म्हातारा माणूस, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. “अरे हर्षल, कुंभीवर धूर पाह्य केवढा! मागून लागली बाप्पा, टोळीच्या मागून! कल्याणी केव्हाची टोळीले वर बोलावून राह्यली, मी विहिरीपाशी होतो, तू बोलून काऊन नाही राह्यला?”

“टोळीले?” हर्षल म्हणाला.

तो उठला, खिडकीपाशी गेला. दोन डोंगरांच्या मधून पिवळट काळा लोट उभा चढत होता. वर ये. कड्याच्या बाजूनं वर ये. त्या शब्दांचा अर्थ आता कुठं त्याच्यापर्यंत पोचला, आणि घड्याळात बारा एकोणपन्नास झाले होते.

त्यानं दोन नंबरवर बटण दाबलं. शिकवायचा तो दुसऱ्यांना, आणि आज त्याचाच पहिला शब्द कापला गेला. पुन्हा दाबलं. श्वास घेतला. “कुंभी, केंद्र. अविनाश, तुमच्या मागून आग आली आहे. टोळी घेऊन कड्याच्या वाटेनं वर नीघ. आत्ता. ओव्हर.”

“केंद्र, कुंभी. समजलं. धूर दिसला आताच. निघालो. ओव्हर.”

“तेलखडक, केंद्र. कल्याणी, टोळी निघाली. ओव्हर.”

मग तिचा आवाज आला, शांत, गोड, एखाद्या बाळाला झोपवताना बोलावं तसा. “केंद्र, मी मनोऱ्यावर नाही. त्याले ऐकू जात नव्हतं म्हणून हाका मारत मारतच सांगाले उतरली. ओढ्यात आहे. पाय अडकला. धूर फार आहे. ओव्हर.”

शब्द एक सांगत होते आणि सूर दुसरंच काहीतरी.

“कुठं ओढ्यात? ओव्हर.”

“तुले सांगून काय होते! मी अविनाशले ऐकू जाईन असं कर. ओव्हर.”

आता दोनच मार्ग होते. हर्षल स्वतः मधे राहून निरोप पोचवू शकला असता. पण कोरड्या ओढ्याच्या त्या फाट्यांची नावं केंद्रात बसून कुणाला ठाऊक नव्हती. धुरात शोधणाऱ्याला तिचा आवाज ऐकू येणं, जवळ आलो की लांब गेलो हे तिनंच त्याला सांगणं, याशिवाय उपाय नव्हता. आणि दोन नंबर चारही चौक्यांवर ऐकू जात होता. शब्दन् शब्द नोंदला जात होता.

“अविनाश, केंद्र,” तो म्हणाला. “कल्याणी ओढ्यात अडकली आहे. ती बोलून राह्यली, पण तुले ऐकू येत नाही. तिचा सेट मी तुझ्या सेटमध्ये बंद केला आहे. मी केला. मुद्दाम. तो उघडाले शिक. ओव्हर.”

भेंडेकाका हर्षलकडे पाहत होते.

“सांगा. ओव्हर,” अविनाश म्हणाला.

“आधी सगळं ऐकून घे, कारण यादी उघडली की तुले माझंही ऐकू येणार नाही. सेट बंद कर. बाजूचं खालचं बटण दाबून धर आणि धरूनच चालू कर. पडद्यावर अक्षरं येतील. वरचा नॉब उजवीकडे फिरव, ‘वर्ज्य’ येईपर्यंत. बटण दाब. सतरा दिसन. लाल बटण दाबून धर, सतरा जाईपर्यंत. मग बंद करून साधा चालू कर. परत म्हणून दाखव. ओव्हर.”

अविनाशनं म्हणून दाखवलं. एक पायरी चुकली. हर्षलनं ती दुरुस्त केली. मग कुंभीचा सेट गप्प झाला.

चाळीस सेकंद. भेंडेकाका मोठ्यानं मोजत होते की मनातल्या मनात, हे हर्षलला नंतर कधी आठवलं नाही.

“ताई, बोला. कुंभी ऐकून राह्यला. ओव्हर.”

“पळसाच्या बुंध्यापाशी, ओढा जिथं दोन होते तिथं, डावीकडे. ओव्हर.”

त्यानंतर अकरा मिनिटं ती दोघंच बोलली. डावीकडे. अजून खाली. आता जवळ आला. हर्षल ऐकत उभा होता. मधे बोलायचं त्याचं काही काम नव्हतं. अविनाशनं टोळीतल्या चौघांना वर लावून दिलं आणि ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन तो एकटा परत उतरला. त्यानं तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला होता.

चौकशी तीन आठवड्यांनी, परतवाड्याला झाली. अधिकारी होते, भेंडेकाका होते, अविनाश होता. कल्याणी आईसोबत अंजनगावहून आली होती, हात गळ्यात बांधलेला. सेट तपासायला अचलपूरहून नाझनीन शेख नावाच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या.

हर्षलनं काही नाकारलं नाही. हा आकडा मी टाकला, म्हणाला. मग त्याला विचारलं गेलं, सात मिनिटं का बसून राहिलात? तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला.

“तुम्ही ऐका ना एकदा,” तो म्हणाला. “ती त्याच्याशी कशी बोलते ते ऐका. मग मले विचारा. आगीचं कोणी असं सांगते का?”

कल्याणीनं त्याच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

नाझनीनबाईंनी केंद्राच्या नोंदीतले त्या दुपारचे शब्द काढले आणि आधी आपल्या स्वतःच्या सेटवर वाजवले. “अविनाश. वर ये. कड्याच्या बाजूनं वर ये.” बाईचा की पुरुषाचा कळू नये असा सपाट, यंत्राचा आवाज.

“हा तिचा आवाज नाही,” हर्षल म्हणाला.

“नाहीच. माझ्या सेटनं त्यांना कधी ऐकलेलं नाही. त्याच्याजवळ साचा नाही.” त्यांनी भेंडेकाकांचा सेट घेतला. तेच शब्द, कल्याणीच्याच आवाजात, पण रिपोर्ट द्यावा तसे. “काकांचा सेट यांना कामापुरतं ऐकत आला. आता तुमचा.”

हर्षलचा सेट टेबलावर ठेवला गेला. “अविनाश, वर ये ना.”

तो सूर सगळ्यांनी ऐकला. कल्याणीच्या आईनं मान खाली घातली.

“धांडे, क्षीण सिग्नलवर फक्त शब्द येतात,” नाझनीनबाई म्हणाल्या. “सूर हवेतून येतच नाही. तो ऐकणाऱ्याचा सेट आपल्या पदरचा घालतो. पहिले शंभर तास तो जवळून, चांगल्या सिग्नलवर जे ऐकतो, त्यावरून साचा बनवतो आणि मग साचा पक्का होतो. नंतर बदलत नाही. तुमच्या सेटमध्ये या बाईंचा साचा कधी पक्का झाला, पाहू?” त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. “सदतीसच्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत.”

त्या फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं होतं. तेव्हा कल्याणी जांभूळपाटीच्याच गस्तीवर होती. हाकेच्या अंतरावरून ती दिवसातून दहा वेळा बटण दाबायची, कामाचं थोडं आणि बिनकामाचं बरंच बोलायची.

“त्या शंभर तासांत या एकदाही घाबरलेल्या नसाव्यात,” नाझनीनबाई म्हणाल्या. “साच्यात भीतीच नाही. त्यामुळं त्यांची किंकाळीसुद्धा तुम्हाला अशीच ऐकू येणार. प्रशिक्षणात हे सांगायला पाहिजे होतं. ते मी लिहून देणार आहे.”

अविनाश खिडकीबाहेर बघत होता. हर्षलला एकाएकी लख्ख कळलं, तो सूर आपल्याला ओळखीचा वाटायचा तो का. चार महिने तो ज्या माणसावर जळत होता, तो माणूस अविनाश नव्हता. सदतीस सालातला एक नवा ऑपरेटर होता, नवीन सेट मिरवणारा, ज्याला ही बाई येता-जाता विचारायची, जेवला का. आणि आश्चर्य असं, की हे कळूनही जळणं थांबेना. उलट ते जास्त खोल गेलं. त्या माणसाला काय काय मिळालं होतं!

व्हरांड्यात कल्याणी त्याच्याजवळ आली. आई थोडी लांब थांबली.

“मी अशी बोलत होती?” तिनं विचारलं.

“हौ.”

“मले आठवत नव्हतं.” ती भाजलेला हात सावरून कठड्याला टेकली. “थांबली कधी, ते आठवते. तू पहिल्यांदा विचारलं होतं ना, इतका वेळ कोणाशी बोलत होती म्हणून. तेव्हापासून बटण दाबायच्या आधी मी विचार करू लागली, की हे तुले कसं ऐकू जाईन.”

“अविनाशशी बोलताना नव्हती करत?”

“नाही. त्याच्याशी सोपं वाटायचं बोलाले. त्यानं कधी माझे शब्द मोजले नाहीत. एवढंच होतं हर्षल, अन् तेवढं खरं होतं. आता त्यावरूनही जळत असशीन तर जळ.”

खरं तर तो जळत होता.

नाझनीनबाई कागद घेऊन आल्या. सेट तपासात अडकला होता, परत द्यायचा तर रिकामा करून द्यायचा असा नियम होता. पण हर्षलची लेखी विनंती असेल तर साचा नव्या सेटमध्ये उतरवून देता येणार होता. “पुष्कळ लोक ठेवतात,” त्या म्हणाल्या. “माणूस गेल्यावर तर नक्की ठेवतात.”

हर्षलनं कल्याणीकडे पाहिलं.

“माझ्याकडे नको पाहू,” ती म्हणाली. “ऐकणार तू आहे.”

त्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं. हा आवाज जवळ असला की दूरवरून ती काहीही बोलली तरी ती त्याच्याशी गोड बोलेल. शिवी दिली तरी गोड. मदत मागितली तरी गोड. त्यानं ‘रिकामा करावा’ या ओळीपुढं सही केली, आणि नाझनीनबाई कागद घेऊन आत गेल्यावर पायऱ्यांवर बसून रडला. कल्याणी तोपर्यंत आईबरोबर बसस्टँडकडे निघाली होती.

त्याचं ऑपरेटरचं काम गेलं. सहा महिन्यांच्या निलंबनानंतर त्याला जाळरेषेच्या टोळीत घेतलं, कोयता हातात देऊन. अविनाशच्या टोळीत नाही, एवढी दया केली. कल्याणी ऑगस्टातच तेलखडकावर परतली होती. घरी ती आली नाही. मनोऱ्याखालच्या चौकीतच राहत होती. रविवारी ती अंजनगावला आईकडे असायची, तेव्हा तो परतवाड्याला जाऊन फोन करायचा. ती उचलायची, कशी आहे ते सांगायची, ठेवायची.

सेटवरून तो तिला रोज सकाळच्या हजेरीत ऐकायचा, दूरच्या दरीतून, क्षीण सिग्नलवर. “तेलखडक हजर. ओव्हर.” सपाट, यंत्राचा आवाज. इतर कुणाही अनोळखी माणसाचा यायचा तसाच. नव्या सेटनं तिला जवळून कधी ऐकलं नव्हतं.

डिसेंबरात ती रेषा तपासायला खाली उतरली. हर्षल गवत कापत होता. दोनशे पावलांवर वळणापाशी ती दिसली. भाजलेल्या डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलेली. तिनं थांबून रेषा नीट न्याहाळली आणि सेट तोंडाशी नेला.

“तीन नंबरची टोळी, तेलखडक. ही काय रेषा आहे? मधे दोन हात गवत तसंच सोडलं. ठिणगी पडली तर पूल आहे तो. कोणाचं काम आहे हे? ओव्हर.”

सिग्नल भरपूर होता. सगळा आवाज जसाच्या तसा आला: रागावलेला, दमलेला, चढ उतरून आल्यानं श्वास लागलेला. तिला घसा साफ करावा लागला तेही ऐकू आलं. सेटच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा ठिपका लुकलुकू लागला. साचा घ्यायला सुरुवात झाली की तो लुकलुकतो, असं नाझनीनबाईंनी नवा सेट देताना सांगितलं होतं. नको असेल तेव्हा बंद करायचं बटणही दाखवलं होतं. चांगल्या दिवसाची वाट बघता येते, म्हणाल्या होत्या.

हर्षलचं बोट त्या बटणाजवळ गेलं आणि परत आलं.

“तेलखडक, माझं काम आहे. हर्षल. आता साफ करतो. ओव्हर.”

वळणावर तिनं वरच्या खडकाकडे मान वळवून पाहिलं. मग पुन्हा बटण दाबलं.

“वरच्या खडकापाशीही तसंच आहे. तिथपासून सुरू कर. ऐकू येते ना? ओव्हर.”

“येते,” तो म्हणाला. “अजून कुठं कुठं राह्यलं ते सांग. सगळं सांग. ओव्हर.”

आणि ती सांगू लागली, एकेक जागा, चिडून. हिरवा ठिपका लुकलुकत होता.